रविवारचं धुणं

शनिवारी सकाळी वारा पडला आणि दुपारी हिल्के वियर्दाची बटाट्यांची नाव आमच्या आल्डेहर्ने गावच्या कालव्यावरच्या उचलत्या पुलापाशी अडकली. तेल मिळत नसल्यामुळे इंजिन बंदच होतं. हिल्के आणि त्याची बायको रेन्स्के यांनी काठावरून दोर ओढत नाव कशीबशी पुलापर्यंत आणली, तोवर पूलवाल्यानं कुलूप घातलं होतं. आमच्याकडे शनिवारी दुपारी बंद झालेला पूल सोमवारी सकाळीच उघडतो. १९४३ सालचा ऑक्टोबर होता. हॉलंडवर जर्मनांचा अंमल येऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी बरेच नियम बदलले, हा बदलला नाही.

नाव चर्चसमोरच्या धक्क्याला बांधली गेली. समोरच्याच बाजूला पोलीस बोल्हाउस राहायचा. बोल्हाउस रॉटरडॅमकडचा, जर्मनांच्या बाजूचा, आणि बक्षिसासाठी ज्यू शोधणारा म्हणून पंचक्रोशीत माहीत होता. हिल्केला यापेक्षा वाईट जागा मिळाली नसती. बटाट्यांच्या ढिगाखाली फळ्या ठोकून केलेल्या पोकळीत युडिक नावाची आम्स्टरडॅमची ज्यू बाई आणि तिची सात महिन्यांची मुलगी होती. युडिकच्या नवऱ्याला उन्हाळ्यात पकडून पूर्वेकडच्या छावणीत पाठवलं होतं. सापडल्या तर या दोघींनाही तिकडेच पाठवणार, हे तिला, हिल्केला आणि रेन्स्केला सारखंच ठाऊक होतं. समुद्राकडच्या एका शेतावर त्यांना पोचवायचं होतं.

त्या पोकळीतून नावेच्या मागच्या खोलीत यायला वाट होती. कपाटासारख्या पलंगामागची एक फळी सरकायची. शनिवारी दुपारी नाव उभी राहिल्यावर युडिक मुलीला घेऊन खोलीत आली. मुलीचं पोट बिघडलं होतं. लंगोट तर संपलेच होते, पण रेन्स्केच्या चादरी आणि उशांचे अभ्रेही खराब झाले होते.

"दे ते इकडे," रेन्स्के म्हणाली. "पाणी तापलंय. आत्ता धुऊन टाकते."

"राहू दे मावशी. उद्या मी करीन."

"उद्या?"

"उद्या."

दिवसभर दोर ओढून रेन्स्केचे हात सोलले होते. पोरगी दमली आहे, बोलेल तसं बोलू दे, असं तिला वाटलं. ती जेवून लगेच झोपली. युडिक काही मोठी धर्म पाळणारी नव्हती. लपायला लागल्यापासून ती समोर येईल ते खात होती, डुकराचं मांससुद्धा. पण शनिवार हा ज्यूंचा काम न करायचा दिवस, त्या दिवशी धुणं पाण्यात घालायला तिचा हात धजला नाही. तिच्या आईनं कधी घातलं नव्हतं.

रविवारी सकाळी हिल्के आणि रेन्स्के काळे कपडे घालून चर्चला गेले. जाणं भागच होतं. धक्क्याला नाव आहे आणि नाववाला उपासनेला नाही, असं आमच्या गावात झालं असतं तर लोक चौकशीला नावेवर आले असते. युडिकला त्यांनी आत राहायला सांगितलं, खिडकीपासून लांब राहायला सांगितलं. धुण्याचं सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. आमच्यात रविवारी कुणी भाकरीसुद्धा नवी कापत नाही, आदल्या दिवशी कापून ठेवतात. कुणी सायकल चालवत नाही, शीळ घालत नाही. सांगायचं ते नियम मोडू शकणाऱ्याला सांगतात. रविवारी कुणी कपडे वाळत घालील हे रेन्स्केच्या कल्पनेतच नव्हतं.

युडिकनं विचार केला नाही असं नाही. लंगोट तिनं शेगडीपाशी आतच टांगले, कारण म्हाताऱ्या जोडप्याच्या नावेवर लंगोट दिसले तर संपलं. चादरी मात्र आत वाळणार नव्हत्या, आणि रात्री त्या माणसांना ओल्या अंथरुणावर झोपवणं तिला बरं वाटेना. तिनं खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोलकाठीपासून खोलीपर्यंत दोरी बांधलेली होती, चिमटेसुद्धा लावलेले होते. लपलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, की सारं रोजच्यासारखं दिसू दे. नावेवर वाळत घातलेल्या दोन चादरींपेक्षा रोजचं काय असणार? आम्स्टरडॅममध्ये तिच्या ज्यू गल्लीत रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, आणि खिडकी-खिडकीला धुणं. तिनं चादरी पिळल्या, झटकन वर जाऊन दोरीवर घातल्या आणि परत पोकळीत जाऊन बसली.

उपासना सुटली. पुढचे लोक पायरीवर थांबले आणि मागचे त्यांच्यावर आदळले.

"आज रविवारच ना?" आल्त्ये आजी म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. "का मीच चुकले?"

"रविवारच आहे आजी, चला."

"मग ते काय लोंबतंय?"

सगळं गाव काळ्या कपड्यांत धक्क्यावर उभं राहिलं आणि दोन पांढऱ्या चादरींकडे बघू लागलं. बोल्हाउस चर्चला जायचा नाही, रविवारी उशिरा उठायचा. आत्ता तो कॉलरचं बटण लावत दारात आला. त्याला चादरींचं काही वाटलं नसतं. त्याला गर्दी दिसली.

"कोण बुडालं?" त्यानं विचारलं.

चर्चच्या मंडळीचे पंच, ज्यांना आम्ही 'वडील' म्हणतो, त्यातले थोरले वित्से. शिस्तीचं काम त्यांचं. वित्सेंनी चादरी पाहिल्या आणि मग हिल्केकडे पाहिलं. हिल्के चादरींकडे बघतच नव्हता. तो बोल्हाउसकडे बघत होता. आपल्या नावेवर रविवारी धुणं दिसलं तर कुठलाही नाववाला आधी शरमेनं खाली बघेल. हा माणूस पोलिसाकडे बघतोय. वित्सेंना तेवढ्यावरून समजलं, असं त्यांनी पुढे सांगितलं.

ते रेन्स्केसमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवूनच बोलले.

"बाई, हे धुणं तुमचं?"

"माझं."

"कधी घातलंत?"

रेन्स्केनं एकदा नावेकडे पाहिलं. "सकाळी. चर्चला येण्याआधी."

चर्चला जाताना सगळं गाव त्या नावेसमोरूनच गेलं होतं. दोरी रिकामी होती. धक्क्यावरच्या प्रत्येकाला आता दोन गोष्टी कळल्या. बाई खोटं बोलतेय, आणि आत कुणीतरी आहे.

"अगं, पण जाताना तर..." आल्त्ये आजीनं सुरुवात केली. शेजारी वित्सेंची बायको बाउक्ये होती. उपासनेत चघळायला आमच्यात पेपरमिंट ठेवतात. बाउक्येनं खिशातलं शेवटचं पेपरमिंट काढून आजीच्या उघड्या तोंडात घातलं.

"घ्या आजी. गार हवा आहे, खोकला येईल."

वित्से बोलतच राहिले. परगावच्या पाण्यावर येऊन आमच्या चर्चसमोर देवाचा दिवस मोडता, तुमच्या मंडळीला हे कळलं पाहिजे, प्रभुभोजनाला बसायची लाज वाटायला हवी. रेन्स्के मान खाली घालून ऐकत होती. बोल्हाउसला हसू आलं.

"दोन चादरींसाठी एवढं? मग उतरवा म्हणावं."

"उतरवणं हेसुद्धा काम आहे," वित्से म्हणाले.

"मग काय त्या तशाच ठेवणार?"

"सोमवारपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं."

बोल्हाउस हसला खरा, पण होता पोलीस. एवढं गाव नावेसमोर उभं आहे म्हटल्यावर त्याला तसंच परत जाणं जमेना. त्यानं मालाचे कागद मागितले. ते बरोबर होते. मग त्यानं झाकणं काढायला सांगितली आणि बटाटे उपसून तळ दाखवायला सांगितलं. कुणी हललं नाही. सगळे पुरुष हात मागे बांधून उभे होते.

"ऐकू आलं नाही?"

"ऐकलं साहेब," पूलवाला म्हणाला. "पण आज रविवार. तुम्ही उपसा, आम्ही बघतो."

बोल्हाउसनं एक झाकण स्वतः सरकवलं. खाली नावभर बटाटे होते. त्यानं ते पाहिले, मग हातमोज्यांना लागलेली माती पाहिली.

"उद्या सकाळी शहरातून माणसं आणतो," तो म्हणाला. "एकूण एक बटाटा धक्क्यावर काढायचा. तोवर ही नाव इथून हलायची नाही."

"पूल बंद आहे. हलेल कुठे?"

बोल्हाउस पुलाजवळच्या बाकावर जाऊन बसला. तिथून नावेवर चढायची फळी सरळ दिसत होती.

घरी वित्सेंनी टोपी खुंटीला लावली आणि ते खुर्चीत बसले. बाउक्येनं चिकोरीची कॉफी पुढे ठेवली.

"किती जणं असतील आत?"

"मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं नाही."

"चर्चच्या पाळकांनी लपणाऱ्यांना घरी ठेवशील का म्हणून दोनदा विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास. सत्ता देवानं नेमलेली असते, म्हणालास."

"म्हणालो होतो."

"मग आत्ता धक्क्यावर काय केलंस?"

"रविवार मोडणाऱ्या बाईला समज दिली. ते माझं कामच आहे."

"ती खोटं बोलत होती, तुला माहीत होतं."

वित्से कॉफी ढवळत राहिले. साखर तर वर्षभर मिळाली नव्हती.

"पोरकटपणा करू नकोस," बाउक्ये म्हणाली. "एखाद्याला समज दिली की त्याच दिवशी मंडळीतल्या बाया त्याला भेटायला जातात. हा नियम तुझ्या आजोबांचा. आम्ही जाणार. आज गेलो नाही तर उलट नवल होईल. मला एवढंच सांग, परत येताना कुठे यायचं?"

वित्सेंच्या तोंडून जे येणार होतं त्यावर त्यांचं स्वतःचं घर, शेत, आणि बहुधा जीवही अवलंबून होता. ज्यूंना आसरा देणाऱ्याचं काय होतं हे शेजारच्या गावात सगळ्यांनी पाहिलं होतं.

"चर्चमध्ये," ते म्हणाले. "दुसऱ्या उपासनेला. आपल्या बाकावर योखमची जागा रिकामीच असते." योखम त्यांचा मुलगा. त्याला जर्मनीत कारखान्यात सक्तीनं कामाला नेलं होतं. "आणि तिथून इकडे."

रविवारी स्वयंपाक करायचा नाही म्हणून आमच्याकडे शनिवारी रांधलेलं गवताच्या पेटीत ठेवतात. जाड लाकडी पेटी, आत दाबून भरलेलं सुकं गवत, त्यात पातेलं. दुसऱ्या दिवशीही वाफ निघते. बाउक्ये आणि तिच्या तीन शेजारणी अशी पेटी घेऊन निघाल्या. आत वाटाण्याचं सूप होतं. एक शेजारीण अंगानं बारीक, पण त्या दिवशी चांगली भरलेली दिसत होती, कारण तिनं दोन कोट घातले होते.

बाकापाशी बाउक्ये थांबली. बोल्हाउसनं पेटीकडे पाहिलं होतं, तेव्हा त्यानं विचारण्याआधीच तिनं ती उघडली आणि त्याला वाटीभर सूप दिलं. म्हणजे पेटीत काय आहे ते त्यानं स्वतःच्या जिभेनं तपासलं. बाउक्येला ही युक्ती फार आवडली होती. तिथेच ती चुकली होती, पण ते पुढे कळलं.

नावेच्या खोलीत युडिक बाहेर आली. तिला झालेलं सगळं फळीमागून ऐकू आलं होतं.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. रविवार..."

"चादरी मात्र लख्ख धुतल्यात," बाउक्ये म्हणाली. "माझ्या सुनेला अजून जमत नाहीत."

"कालच धुवायच्या होत्या. मावशी म्हणाल्यासुद्धा. पण काल आमचा होता."

"काय होता?"

"तुमचा आज आहे, तसा आमचा काल."

बाउक्येला ते समजायला थोडा वेळ लागला. रेन्स्केलाही तेव्हाच समजलं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"मग बरोबरच आहे," बाउक्ये म्हणाली. "हात घाल या बाहीत."

पातेलं रेन्स्केकडे राहिलं. गवत अजून ऊबदार होतं. मुलीचं पोट भरलं होतं, ती झोपेला आली होती. तिला पातेल्याच्या खड्ड्यात ठेवलं आणि हवा जाईल इतकी फट ठेवून झाकण लावलं. तासाभरात त्या बायका दोनदा आत-बाहेर झाल्या. एक मीठ आणायला गेली, एक प्रार्थनेचं पुस्तक विसरली म्हणून गेली. पहिली घंटा झाली तेव्हा काळे कोट आणि काळ्या टोप्या घातलेल्या पाच बायका फळीवरून उतरल्या. किती चढल्या होत्या हे शपथेवर सांगणं कुणालाही अवघड होतं. युडिक चौथी होती. तिच्या हातात स्तोत्रांचं पुस्तक होतं.

"अहो बाई," बोल्हाउसनं बाकावरून हाक मारली. "उरलंय का थोडं? चांगलं झालंय."

तो वाटी घेऊन उठला होता.

बाउक्ये थांबली. पेटीचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं शेजारणीच्या.

"उरलंय की," ती म्हणाली. "पण उपासनेनंतर देते. पहिली घंटा झाली की आमच्यात अन्नावरचं झाकण उघडत नाहीत."

असा कुठलाही नियम नाही. कधी नव्हता. पण त्या दिवशी बोल्हाउसनं इतके नियम ऐकले होते की आणखी एकाचं त्याला काहीच वाटलं नाही.

"बटाटा उचलायचा नाही, चादर काढायची नाही, झाकण उघडायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही लोक श्वास तरी कसा घेता?"

"हळू घेतो, साहेब," बाउक्ये म्हणाली, आणि चालू लागली.

हिल्के आणि रेन्स्के त्या उपासनेला गेले नाहीत. समज मिळालेल्यांनी येऊ नये, असंच गावानं धरलं होतं. वित्से आत शिरताना पाळकांच्या कानाशी लागले, आणि पाळकांनी एरवी दोन-तीन कडव्यांवर थांबणारं स्तोत्र त्या दिवशी सगळंच्या सगळं म्हणायला लावलं. आमच्याकडे स्तोत्रं सावकाश म्हणतात आणि पूर्ण छातीनं. ऑर्गन आणि तीनशे माणसांचा आवाज धक्क्यापर्यंत जात होता. प्रत्येक ओळीच्या जोरावर हिल्केनं नावेत एकेक घाव घातला. पोकळीच्या फळ्या सुटल्या आणि वरचे बटाटे खाली घरंगळून जागा भरून गेली. फळ्यांचे तुकडे, पोकळीत अंथरलेलं गवत आणि लंगोट रेन्स्केनं शेगडीत घातले. दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदा रविवारी काम केलं.

वित्सेंच्या बाकावर युडिक योखमच्या जागी बसली. स्तोत्र दाविदाचं, ज्यूंच्याही धर्मग्रंथातलं होतं. तिला ते आजोबांच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत ऐकल्याचं आठवत होतं. मधेच पेटीतून रडण्याचा आवाज आला. बाउक्येनं मुलीला उचलून मांडीवर घेतलं. चर्चमध्ये मूल रडलं तर कोण मागे वळून बघतं? त्या दिवशी तर कुणीच बघितलं नाही.

उपासनेनंतर बोल्हाउसला कबूल केलेलं सूप मिळालं. सोमवारी त्यानं माणसं आणली. सगळे बटाटे धक्क्यावर आले. खाली नावेचा ओला तळ होता, दुसरं काही नव्हतं. ते परत भरायला दुपार झाली, मग पूल उघडला आणि नाव गेली.

ही बातमी नाववाल्यांच्या तोंडून रेन्स्केच्या गावी तिच्याआधी पोचली. तिच्या मंडळीच्या वडिलांनी तिला बोलावलं. रविवारी धुणं घातलंस हे खरं का? ती गप्प राहिली. पश्चात्ताप होतो असं म्हण, विषय मिटेल, असं त्यांनी समजावलं. पोलिसाशी ती खोटं बोलली होती आणि गरज पडली तर पुन्हा बोलली असती. पण न केलेल्या पापाचा पश्चात्ताप देवासमोर मांडायला ती तयार नव्हती, आणि केलेलं काय ते सांगता येत नव्हतं. तेव्हा नियमाप्रमाणे तिला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून भाकरी आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीपासून, दूर ठेवलं गेलं. युद्ध संपेपर्यंत भाकरीचं ताट प्रत्येक वेळी तिच्या समोरून पुढे जात राहिलं. हिल्के शेजारी बसायचा. तोही घ्यायचा नाही.

१९४५ च्या वसंतात जर्मन गेले. त्याच आठवड्यात वित्से सायकलवरून त्या गावी गेले, वडिलांना भेटले आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर थोरल्या वडिलांनी विचारलं, "बंधू, इतके दिवस त्या बाईला आम्ही बाहेर ठेवलं. तुम्ही तेव्हाच का आला नाहीत?"

"ती माझ्या घरी होती," वित्से म्हणाले.

"कोण?"

"जिनं धुणं घातलं ती. अजून आहे. नवऱ्याची काही खबर नाही, वाट बघतेय." त्यांनी टोपी उचलली. "निघतो मी. मुलीला गोवर आलाय, औषध घेऊन जायचंय."